तांबुलातली पुडी

त्या दिवसांत माझं माहूरच्या आईशी पटत नव्हतं. हे लिहिताना हात अडखळतो, पण खोटं कशाला लिहू? लग्न होऊन दिग्रसला आल्यापासून दरवर्षी एकदा तरी मी रेणुकेचा गड चढते, मंगळवार धरते, घरच्या देव्हाऱ्यात रोज तांबूल दाखवते. तांबूल म्हणजे विड्याची पानं, कात, बडीशेप, लवंग, वेलची असं सगळं खलबत्त्यात कुटून केलेला गोळा. माहूरला आईला त्याचाच नैवेद्य आणि भक्तांना तोच प्रसाद. एवढं सगळं करूनही माझ्या घरातली दारू काही हलत नव्हती. म्हणून त्या वर्षी गडावर गेले ती रागातच गेले. आईसमोर हात न जोडता उभी राहिले आणि मनातल्या मनात म्हटलं, तुला ऐकू येत नसेल तर तसं सांग, मी माझा मार्ग शोधते.

आमचे हे जिनिंगमध्ये ग्रेडर आहेत. गाडीतल्या कापसात हात घालून, चिमूटभर रुई बोटांत ओढून, ओल किती, धागा किती, हे सांगायचं काम. शेतकरी असो की व्यापारी, यांनी सांगितलेलं कोणी खोडत नाही. पण गेल्या तीन-चार वर्षांत सकाळी चहाचा कप धरताना तोच हात थरथरायला लागला होता. बरं, पिऊन तमाशा नाही, शिवी नाही, मारझोड नाही. गुपचूप घ्यायची आणि गुपचूप झोपायचं. अशा नवऱ्याबद्दल तक्रार करायला गेलं तर ऐकणाऱ्याला ती तक्रारच वाटत नाही. माझी जाऊबाई म्हणायची, तुला तर सुखच बोचते बाई. डॉक्टरनं मात्र मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की यकृताला सूज आहे, असंच चाललं तर हा माणूस फार वर्षं काढणार नाही.

उपाय आम्ही केले नाहीत असं नाही. एका देवळात माळ घालून दारू सोडायची शपथ देतात, तिथं यांना दोनदा नेलं. तिथं येणारे पुरुष मला अजून आठवतात. धुतलेले पांढरे कपडे, तेल लावून विंचरलेले केस, दंडाला धरून आणणारा भाऊ नाहीतर सासरा. सगळे नवरदेवासारखे दिसत आणि सगळे खाली बघत. पहिल्या वेळी माळ तीन आठवडे टिकली, दुसऱ्या वेळी नऊ दिवस. त्या दहाव्या दिवशी यांनी माळ गळ्यातून काढून देव्हाऱ्यात ठेवली, तेवढी एक प्रामाणिकपणाची गोष्ट केली, आणि मग बाहेर पडले.

त्या वर्षी गडावरून परतताना एसटीत माझ्या शेजारी एक बाई बसली. कोण, कुठली, मी विचारलंही नाही. आर्णी यायच्या आत तिनं स्वतःहून सांगितलं की एका खेड्यात एक बाबा आहेत, ते पुडी देतात. पिणाऱ्याला न सांगता अन्नातून द्यायची. तिच्या दिराची सुटली. मी तर चमकलेच. तास-दीड तासापूर्वी आईशी भांडून आले आणि लगेच उत्तर? मला वाटलं, आईनंच हिला माझ्या शेजारी बसवलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, मी तर त्या काडीला कौल समजून बसले.

आता इथं मला माझीच फजिती सांगायला हवी. मी अंगणवाडी सेविका आहे. बाळाला ताप आला की बाया कोणाची तरी पुडी आणतात, अंगारा लावतात, आणि मी त्यांना फाडफाड बोलते. कशात काय आहे माहीत नसताना तोंडात घालता कशी, म्हणते. पोरांचं वजन, लस, गोळी, सगळं वहीत लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. आणि तीच मी पुढच्या मंगळवारी रजा टाकून त्या बाबाच्या रांगेत उभी होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

त्या रांगेत मला पहिला धक्का बसला. तीस-चाळीस माणसं असतील, पण त्यात पिणारा एकही नव्हता. सगळ्या बायाच. सोन्याच्या पाटल्या घातलेली कापड दुकानदाराची सून होती, पोराच्या पाठी लागून थकलेली एक कोलाम आदिवासी म्हातारी होती, बुरख्यातल्या दोघी बहिणी होत्या, आणि माझ्यापुढे शाळेतली एक शिक्षिका होती, ती सारखा पदर तोंडावर ओढत होती. आम्ही एकमेकींकडे बघत नव्हतो. रोगी घरी निजलेले आणि औषधाच्या रांगेत आम्ही. हे विचित्र आहे, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. उलट मला धीर आला, की एवढ्या शहाण्यासुरत्या बाया आल्या आहेत म्हणजे गुण येत असणार.

बाबानं नाव विचारलं नाही, आजार विचारला नाही. पांढऱ्या भुकटीची कागदी पुडी हातावर ठेवली आणि एकच अट घातली, "कोनाले सांगाचं नाई. सांगतलं का गुण गेला."

यांच्या जेवणात टाकायची तर हे भाजीची चव लगेच ओळखतात, ग्रेडरची जीभही ग्रेडरचीच. चहा बिनसाखरेचा घेतात. पण एक गोष्ट अशी होती की ती हे कधी नाकारत नसत, आणि तिच्यात कडू-तुरट काहीही लपून जातं. आईचा तांबूल. रोज सकाळी पूजा झाली की हे देव्हाऱ्यापुढे येत, दोन्ही हात पुढे करत, मी सुपारीएवढा गोळा ठेवायची, हे तो कपाळाला लावून खात. त्या गोळ्यात मी चिमूटभर पुडी घालायला लागले. आईला दाखवून झाल्यावर घालायची, आधी नाही. एवढी लाज माझ्यात शिल्लक होती. पण आईच्या डोळ्यांदेखत घालत होते, हे कळत असूनही कळत नव्हतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी यांना प्यायल्यावर उलटी झाली, डोकं ठणकलं, छातीत धडधडलं. हे घाबरले. त्यांना वाटलं यकृतच गेलं. आणि त्या भीतीनं त्यांनी खरोखर पिणं थांबवलं. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. संध्याकाळी घरी येऊन वर्तमानपत्र वाचत बसलेला नवरा मी कितीतरी वर्षांनी पाहिला. माझा आनंद पोटात मावेना. मी मंगळवारी आईची खणानारळानं ओटी भरली, गडावरच्या बोलण्याची माफी मागितली. वाटलं, झालं, आईनं ऐकलं.

बाराव्या दिवशी दारव्ह्याला माझ्या बहिणीच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. आम्ही मुक्कामानं जाणार होतो, म्हणून पुडी मी पर्समध्ये घेतली. निघण्याआधी तांबूल करताना माझ्या मनात आलं, तिथं पाजणारे भेटतीलच, तेव्हा आज जरा बंदोबस्त जास्त असू द्यावा. त्या दिवशी मी चिमूट मोठी घेतली. यांनी हात पुढे केले, कपाळाला लावून खाल्लं, आणि मला म्हणाले की आजकाल फार हलकं वाटतं. ते वाक्य मला अजून झोपू देत नाही.

दुपारी पंगती उठल्यावर मांडवामागे माझ्या मेहुण्यानं यांना गाठलं. पोरीचा आनंद आहे, एवढी तरी घ्या म्हणाला. इतके दिवस दाबून धरलेलं सगळं यांनी एकदम घेतलं. पाव तासात आरडाओरड ऐकू आली. मी धावत गेले तर हे जमिनीवर, आणि चेहरा असा लाल की मी आयुष्यात माणसाचा तसा रंग पाहिलेला नाही. कान, मान, छाती, सगळं पेटलेलं. उलट्या, धाप, डोळे अर्धवट मिटलेले. कोणी म्हणे अटॅक, कोणी म्हणे वारं लागलं. दारव्ह्याच्या डॉक्टरनं रक्तदाब बघितला आणि इथं थांबू नका, यवतमाळला न्या, एवढंच म्हणाला. रुग्णवाहिकेत मी यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. खांद्याला पर्स होती. तोपर्यंत पुडीचा आणि याचा काही संबंध असेल असं खरंच माझ्या मनात आलं नव्हतं, असं मी कितीही म्हटलं तरी ते खरं नाही. वाटेतलं लाडखेड मागं पडलं तेव्हाच मला कळून चुकलं होतं.

यवतमाळच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. नाडी लागत नाही म्हणत त्यांनी सलाईन लावली, नाकाला ऑक्सिजन लावला, आणि मला विचारलं, काही विषारी पोटात गेलं का? फवारणीचं औषध? मी म्हटलं, नाही. घरात कशावरून भांडण झालं होतं का? नाही. कोणती गोळी, काढा, जडीबुटी? मी म्हटलं, नाही. त्या आत गेल्या, पाच मिनिटांनी बाहेर आल्या आणि पुन्हा तेच विचारलं. या वेळी माझा हात धरून विचारलं. दाब सापडत नाहीये, काय दिलंय ते कळलं तर बरं पडेल, म्हणाल्या. आणि मी, एकोणीस वर्षं त्या माणसाच्या नावाचं कुंकू लावणारी बाई, पर्स छातीशी धरून म्हणाले, काहीच दिलं नाही.

काहून बोलले नाही, हे मी स्वतःला शंभरदा विचारलं आहे. पोलिसांची भीती होती का? होती. लाजेची? तीही होती. पण सगळ्यांत वर जी होती ती सांगताना आज अंगावर काटा येतो. सांगितलं तर गुण जाईल, ही. समोर नवरा मरतो आहे आणि मला त्याची दारू सुटण्याची काळजी. मी त्याची दारू सोडवण्यात इतकी गुंतले होते की त्यात तो कुठं उरला आहे, हे बघायचं राहूनच गेलं.

वऱ्हांड्यात भिंतीला टेकून मी खाली बसले. आईचं नावही तोंडात येईना. कोणत्या तोंडानं घेणार? समोरच पाण्याचा नळ होता. तिथं एक माणूस दोन बाटल्या भरत होता. पन्नाशीचा, दाढीत पांढरे केस, नखांत काळं ऑइल बसलेलं. त्यानं आत पलंगाकडे एकदा बघितलं, बाटली भरून वाहायला लागली तरी बघतच राहिला. मग नळ बंद करून माझ्यासमोर उकिडवा बसला.

"ताई, बुरा नका मानू," तो म्हणाला. "यायले घरून कोनं पुडी देल्ली काय, दारू सोडाची?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्याला माझं नाही म्हणणं खोटं आहे हे दिसत होतं.

"सांगतलं का गुण जाते म्हनते ना ते? मले माईत हाय. माह्या घरवालीनं शीरखुर्म्यात देल्ली होती. मी बी असाच लाल झाल्तो. तिनं रडत रडत डॉक्टरले सांगतलं म्हून आज तुमच्या पुढे बसून हाओ. गुन-गिन मंग पाहा ताई. आंधी मानूस ठेवा."

बाबाचं वाक्य, जे मी जीव गेला तरी कोणाला सांगणार नव्हते, ते या अनोळखी माणसाच्या तोंडातून जसंच्या तसं बाहेर आलं होतं. मी उठले. आत जाऊन पर्समधली पुडी डॉक्टरीणबाईंच्या हातात ठेवली आणि सगळं सांगितलं. तांबूल, बारा दिवस, आजची मोठी चिमूट. एक शब्द गाळला नाही. त्या रागावल्या नाहीत. पुडी हुंगली, वरिष्ठांना फोन लावला आणि मग सगळे एका दिशेनं कामाला लागले. नंतर त्यांनी मला समजावलं की ही दारू सोडवायच्या गोळ्यांची भुकटी असावी. गोळी वाईट नाही, डॉक्टर देतात, पण रोग्याला सांगून, तपासून, त्याच्या संमतीनं. पोटात ही आहे हे माहीत नसलेला माणूस वर दारू प्याला, तर हीच जीव घेते.

दिवेलागणीला यांचा रक्तदाब वर येऊ लागला. मी त्या माणसाला शोधत बाहेर आले. त्याचं नाव रशीदभाई. पांढरकवड्याला हायवेवर ट्रक दुरुस्तीचं गॅरेज आहे, हे पुढे कळलं. पाय मोडलेल्या मेहुण्यासोबत तो वरच्या मजल्यावर राहत होता. त्या दिवशी वरच्या नळाला पाणी नव्हतं, म्हणून तो खाली आला होता. एवढंच. मी यावर काही बोलत नाही. वरच्या नळाला पाणी नव्हतं, एवढंच मी लिहून ठेवते.

दोन दिवसांनी हे नीट शुद्धीवर आले. मला वाटलं होतं की महिनाभरानं, जरा ताकद आली की सांगू. पण एकदा तोंड उघडलं की ते पुन्हा मिटत नाही. पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून मी सांगून टाकलं.

"आईच्या तांबुलात?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "मी त हात जोडून घेत होतो वं," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

ओरडले असते, एखादी हाणली असती तरी मला चाललं असतं. त्यानंतर यांनी माझ्या हातचं काही खाल्लं नाही. बहिणीनं पाठवलेला डबा मी उघडून पुढे केला की हे म्हणत, भूक नाही. आणि मी बाहेर गेले की वॉर्डातल्या मावशींकडून बिस्किटाचा पुडा मागवत. एकदा दारातून मी पाहिलं, हे पुडा उलटासुलटा करून बघत होते, सील नीट आहे का ते. मग स्वतःच्या हातानं फोडून खाल्ला. मी तशीच मागं फिरले आणि जिन्यात बसून मोठ्यानं रडले.

तिथल्याच मानसोपचाराच्या डॉक्टरांनी महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात राहायला सुचवलं. यांनी माझ्याकडे न बघता हो म्हटलं. केंद्र यवतमाळच्या बाहेर, सागाच्या झाडांत होतं. मी मनात एक चित्र घेऊन गेले होते. झिंगलेले, दाढी वाढलेले, वाया गेलेल्या घरांतले लोक असतील आणि त्यांत माझा सरळ नवरा कसा राहील. फाटकातून आत गेले तर चटईवर तांदूळ निवडत बसलेल्या माणसांत एक चेहरा ओळखीचा. आमच्या भागातले निवृत्त हेडमास्तर. अंगणवाडीच्या कार्यक्रमाला आम्ही त्यांना दोनदा बोलावलं होतं, व्यसनमुक्तीवर बोलायला. काय सुंदर बोलले होते. बाया रडल्या होत्या, पोरांनी हात पुढे करून शपथ घेतली होती. मी दचकून नजर वळवली, पण तेच उठून आले, मला प्यायला पाणी दिलं आणि शांतपणे म्हणाले, "बाई, ती दोन्ही भाषणं मी पिऊनच केली होती."

कार्यालयात बोलावेपर्यंत तिथंच बसून राहिलो, तेवढ्यात एकेक जण कळत गेला. वणीच्या कोळसा खाणीत डंपर चालवणारा एक जण, ज्याचा पहिला घोट त्याच्या वडिलांनीच पाळीनंतर थकवा जावा म्हणून दिला होता. औषधाच्या दुकानातला एक तरुण, जो दारूला शिवलासुद्धा नव्हता, खोकल्याच्या बाटल्यांतच अडकला होता. चाळीस एकर ओलिताचा मालक आणि त्याच्याच शेजारच्या गादीवर रोजमजुरीचा गडी. कोणाच्या घरात सगळेच पिणारे, तर कोणाच्या घरात सात पिढ्यांत कोणी नाही. मी प्रत्येकाकडे बघून कारण शोधत होते, वहीत रकाने आखावेत तशी. एकही रकाना जमेना. घरोघरी मातीच्या चुली हे मी हजारदा म्हटलं असेल, त्या दिवशी ते पहिल्यांदा पटलं.

पण खरा धक्का कार्यालयात बसला. तिथले समुपदेशक वयस्क होते. फॉर्म भरताना घरच्यांनी शेजारी बसायचं, पण मध्ये बोलायचं नाही, असा तिथला नियम. कधीपासून घेता, या प्रश्नावर मी मनात चार वर्षं म्हणेपर्यंत हे म्हणाले, सतराव्या वर्षापासून. मधली काही वर्षं सुटली होती, मग लपवून, मग पुन्हा. मी खुर्चीत घट्ट बसून राहिले. मग त्यांनी विचारलं, याआधी काय काय उपाय झाले?

"दोनदा माळ घातली," हे म्हणाले. "एकदा मायच्या डोक्यावर हात ठेवून शपथ. अन् लग्न."

समुपदेशकांनी पेन थांबवून विचारलं, लग्न?

"माहे बाबा म्हने, लगन लावून देऊ, पोरगं सुदरन."

त्यांनी तेही लिहून घेतलं. मागील उपचार, या रकान्यात, माळ आणि शपथेच्या खाली, मी. एकोणीस वर्षं मी स्वतःला या घरची सून समजत होते आणि मी होते पुडीच. मलाही कोणी सांगून दिलं नव्हतं आणि यांनाही विचारून दिलं नव्हतं. लग्नात सासूबाई माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या होत्या, आता हा तुह्या हाती देल्ला. मी त्याला माया समजले होते. माझं डोकं सणकलं. यांच्यावर, सासूबाईंवर, गेलेल्या सासऱ्यांवर, सगळ्यांवर मी मनातून पेटले. आणि त्याच क्षणी मला कळलं की यांना बिस्किटाचा पुडा उलटासुलटा करून बघताना कसं वाटलं असेल. न सांगता दिलं गेलेलं काय असतं, ते आता आम्हा दोघांनाही माहीत झालं होतं.

त्या संध्याकाळी परतीच्या एसटीत मी आईशी पुन्हा बोलू लागले. भांडायला नाही. विचारायला. आई, बसमधली ती बाई तू पाठवली होतीस की नळावरचा रशीदभाई? दोघंही अनोळखी, दोघंही न बोलावता आलेले. मी पहिलीला कौल मानलं आणि जीव घ्यायला निघाले. मला उत्तर ऐकू आलं असं मी म्हणणार नाही. पण खिडकीबाहेर बघता बघता एक गोष्ट सरळ दिसली. एकीनं मला लपवायला सांगितलं होतं, एकानं सांगून टाकायला. यापुढे मला कधीही शंका आली तर एवढी खूण पुरे आहे.

केंद्रात दर रविवारी भेटायला जायचं असे. तिसऱ्या रविवारी मी पोचले तेव्हा जेवणं सुरू होती. हे ताट घेऊन बाहेर आले, वांग्याची भाजी आणि भाकर. मी नेहमीसारखी लांब बसले. यांनी विचारलं, जेवली का? मी नाही म्हटलं. यांनी अर्धी भाकर तोडून माझ्या हातावर ठेवली आणि एकाच ताटात आम्ही जेवलो. लग्नाबद्दल मी काही विचारलं नाही, तो राग माझा मलाच निस्तरायचा होता आणि पुष्कळसा निस्तरला आहे.

हे घरी आले. डॉक्टरांनी लिहून दिलेली दुसरी, दारूची ओढ कमी करणारी गोळी स्वतःच्या हातानं घेतात, मी डबीला हातही लावत नाही. रशीदभाईंचा पंधरा दिवसांतून एकदा फोन येतो, हे त्यांच्याशी ट्रकच्या इंजिनावर तासभर बोलतात. पाच महिने असे गेले. मला पुन्हा वाटायला लागलं होतं की झालं, आईनं ऐकलं.

मग एका दुपारी अंगणवाडीत खिचडी वाटत असताना यांचा फोन आला. हे कामानं आर्णीला गेले होते. आवाज ऐकूनच माझ्या हातातला डाव भांड्यात पडला.

"घेतली मी," ते म्हणाले. "दोन पेग. आता बसस्टँडवर बसून हाओ. तुले सांगतल्याबिगर घरी येववत नाई. तू ये."

वाटेत मी फार घाबरले होते. पण एक गोष्ट सांगते. इतकी वर्षं मी आईजवळ मागत आले, यांची सुटू दे, यांची सुटू दे. त्या दिवशी एसटीत तोंडातून वेगळंच निघालं. आई, मी पोचेपर्यंत त्यांना तिथंच बसवून ठेव. पुढचं तू बघ, मला झेपत नाही. असं म्हणताच अंगातली सगळी ताकद गेल्यासारखी झाली आणि बरं वाटलं.

हे कोपऱ्यातल्या बाकावर बसले होते, मान खाली घालून. तोंडाला वास येत होता. माझ्या जिभेवर एकोणीस वर्षांची सगळी वाक्यं तयार होती. मी त्यांच्या शेजारी बसले आणि म्हटलं, बरं केलं फोन केला. यांनी माझ्याकडे बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना चारचौघांत रडताना पाहिलं. लोक बघत होते. बघू दिलं. दिग्रसची गाडी लागली, निघून गेली, आम्ही बसूनच राहिलो. दुसऱ्या गाडीनं आलो आणि सकाळी दोघं मिळून यवतमाळला डॉक्टरांकडे गेलो.

त्यानंतर आजपर्यंत यांनी घेतलेली नाही. उद्याचं मला माहीत नाही आणि आता मी ते माहीत करून घ्यायचा हट्टही धरत नाही. आई, मी तुझ्याकडे न पिणारा नवरा मागितला होता. तू मला खरं सांगणारा माणूस दिलास, आणि त्याच्याशी खरं बोलायला मला शिकवलंस. माझं मागणं लहान होतं, हे मला आर्णीच्या त्या बाकावर कळलं.